गाजराचा श्लोक मागे घेत आहे

मी खाली सही करणार, वय चोपन्न, व्यवसाय वार्ताहर, पूर्ण शुद्धीवर आहे. रोज सकाळी सहाला शेजारच्या खोलीत गाजराचा रस काढणारे यंत्र घरघरते, तरीही शुद्धीवर आहे, यावरून माझ्या मनाचा कणखरपणा ओळखावा. कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो की:

१. ते यंत्र आमच्या उपसंपादकाला द्यावे. 'डॉक्टरांना विचारा' ही माझ्या सदरातल्या श्लोकाखालची ओळ त्याने जागेअभावी कापली, असे मी सर्वांना सांगत आलो. ती ओळ मी लिहिलीच नव्हती. यंत्राबरोबर माझी माफीही पोचवावी. संस्कृत शब्दकोशही त्यालाच; माझ्या हाती तो सुरक्षित नाही.

२. आहाराविषयीच्या म्हणींवरच्या माझ्या सदराखाली दोन ओळींची जागा उरली, म्हणून मी श्लोक रचला: 'गृञ्जनं भक्षयेन्नित्यं चक्षुस्तेन न हीयते'. रोज गाजर खावे, त्याने दृष्टी जात नाही. खाली छापले, 'प्राचीन वचन'. ते वचन त्याच दुपारी चहानंतर जन्मले होते. गाजर डोळ्यांना चांगले, एवढे खरे. काचबिंदू त्याने थांबत नाही.

३. माझ्याच घरी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला काचबिंदू आहे. तिने श्लोक कापून फ्रिजवर चिकटवला, रस काढायचे ते यंत्र आणले आणि डोळ्यांत थेंब घालणे सोडले. मला हे कळले गेल्या आठवड्यात.

"ताई, तो श्लोक माझा आहे. थेंब घाल."

"तुझा? शर्टाचं बटण लावता येत नाही तुला, आणि म्हणे श्लोक रचतो."

"शपथ घेऊन सांगतो."

"खोटं असतं तर संस्कृतात कशाला आलं असतं? रस पी आधी."

मी रस प्यालो.

४. हे घर ताईला. अट एकच, तिने उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यावे. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न पाहता आजच, जेवणाआधी, तिला मोठ्याने वाचून दाखवले जाईल. फ्रिजवरचा श्लोक तिला आता दिसत नाही. पाठ आहे.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य, आणि आमच्या मुद्रितशोधक बाई, ज्यांनी तेव्हाच विचारले होते, "हे कुठल्या ग्रंथातलं?"

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: नऊ, सोमवार.

सही करण्यापूर्वी एक. घराची वाटणी, माझे मरण, यांची मला काळजी नाही. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टर म्हणतात. काल ताईने चहा कपाच्या बाहेर ओतला आणि हसण्यावारी नेले. तिची नजर किती गेली आहे ते ती मला सांगत नाही, आणि मला विचारायचे धैर्य होत नाही.

(सही) धाकटा भाऊ