शाल पोचली, हातमोजे कुठे आहेत?

चि. कल्याणराव,

मंगळवार, १२ एप्रिल २०१६, सकाळी अकरा वाजता तू उत्तरेश्वरच्या खांद्यावर शाल घातलीस आणि दुपारी चारला त्याला निलंबित केलेस. अनेक आशीर्वाद. तुझी साखर आटोक्यात असावी (रक्तातली; कारखान्यातली यंदा उसाअभावी नाहीच). माझी तब्येत तू विचारणार नाहीस, म्हणून ती शेवटी लिहिली आहे.

टँकरच्या पाण्याने गावोगाव गॅस्ट्रो पसरलाय. तुझ्या कारखान्याच्या एकुलत्या रुग्णवाहिकेवर उत्तरेश्वर एकटा चालक, उघड्या हातांनी रोगी उचलतो. त्याने आणि दवाखान्यातल्या बायांनी संघटना काढली. मागितले काय, तर हातमोजे, साबण आणि जोडीला दुसरा चालक. (तुझ्या गाडीला दोन आहेत, आणि तुला हगवणही नाही.) त्यांची सभा अकराला पारावर होती. तू नेमका तेव्हाच सत्कार ठेवलास आणि जीप पाठवून सगळ्यांना उचलून नेलेस. आपल्याकडे खांद्यावर शाल पडली की माणसाचे तोंड बंद होते, यावर तुझे अर्धे राजकारण चालते. पण सत्कारमूर्तीला दोन शब्द बोलायला लावायची रीतही आपलीच, ती विसरलास. उत्तरेश्वर म्हणाला, "साहेब, शाल लई झ्याक हाय. पण लोकायची ओकारी हिनंच पुसावी, का हातमोजे देता?" सगळ्यांत मोठ्याने तुझीच बायको हसली, आणि नोकरी त्याची गेली. "साथीच्या दिवसांत संघटना म्हणजे गद्दारी," असे तू फर्मावलेस. साथ नसते तेव्हा म्हणतोस, आता कशाला संघटना? मग काढावी तरी कधी, तेराव्याला? आप्पांनी मला औरंगाबादला सिस्टरांच्या शाळेत घातले. तिथे प्रार्थनेच्याही आधी हात धुवायला लावत. तुला घातले नाही, ही त्यांची एकमेव चूक.

रुग्णवाहिकेवर तू तुझ्या गाडीवरचा बंकट बसवलास. काल संध्याकाळी तो नांदूरघाटकडच्या छबुबाईला सलाईनसकट घेऊन निघाला आणि फाट्यावर सवयीने कारखान्याच्या विश्रामगृहाकडे वळला. बंकटच्या गाडीतून उतरेल तो पाहुणा, म्हणून खानसाम्याने तिला हार घातला. "बाई, च्या घेता का सरबत?" ती म्हणाली, "बाबा, आधी संडास कुठं हाय ते सांग." शेवटी खबर लागताच निलंबित उत्तरेश्वरच मोटारसायकल पिटाळत आला आणि त्याने गाडी दवाखान्यात नेली. म्हातारी वाचली. आज त्याला दुसरी नोटीस आली: विनापरवानगी वाहन हाताळले.

त्याला कामावर घे आणि तिन्ही मागण्या मान्य कर.

तुझी अक्का,
महानंदा

ता. क. संघटनेची अध्यक्ष आजपासून मी आहे. कायद्याने बाहेरचा माणूस चालतो, आणि निवृत्त बाईला निलंबित करता येत नाही. विचार तुझ्या वकिलाला.

ता. क. २. सकाळपासून मलाही जुलाब आहेत. हे पत्र लिहिताना चारदा उठले. गाडी पाठव, पण चालक उत्तरेश्वरच हवा. तोवर मीठ-साखरेच्या पाण्यावर आहे आणि आप्पांचा हट्ट माझ्याच वाट्याला आला, हे तुला ठाऊक आहे. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर हवे. बंकटच्या हाती देऊ नकोस, विश्रामगृहावर पोचेल.