दुसरा अंगठा

२ ऑक्टोबर १९६२, मंगळवार

सुया थांबल्या नाहीत!

तासभर वाचलं. वृद्धाश्रमातल्या नऊ बायका, नऊ जोड्या सुया — मी वाचलेल्या वादळातून सरळ विणत गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना वाचून दाखवते. आज पहिल्यांदाच गुपचूप माझ्या स्वतःच्या कादंबरीचं बाड नेलं होतं. कुणाचं, ते सांगितलं नाही. हल्दोरा आजींनी साखरेचा खडा दातात धरून कॉफी ओढली आणि म्हणाल्या, "लाटा फार आहेत गं यात. माणसं कुठं गेली?"

आईही इथेच राहते; कोपऱ्यात बसली होती. ती आता मला ओळखत नाही, "वाचनवाल्या बाई" म्हणते. तिचीही सुई थांबली नाही.

५ ऑक्टोबर

तीन दिवस खपून नवं प्रकरण लिहिलं. भाऊ बुडाल्यावर बहीण ऊना तीन पानं रडते. लिहिताना मीही रडले, आज वाचतानाही.

सुया चालूच.

"तूच सगळं रडून घेतलंस," हल्दोरा आजी म्हणाल्या. "आमच्यासाठी ठेव की थोडं!"

फटकळ म्हातारी! खरं बोलली, म्हणून जास्त राग आला.

६ ऑक्टोबर

प्रकाशक ग्रिमुरचा फोन. "रन्वेग, नाताळच्या भेटवस्तूंत पुस्तक हवं असेल तर पंधरवड्यात बाड पक्कं कर. छान आहे. म्हणजे — छानच आहे."

फोन आपटला.

८ ऑक्टोबर

काय वगळलंय ते मला पक्कं ठाऊक आहे. कादंबरीतला भाऊ म्हणजे माझा ओद्दुर. तो बुडाला त्याला अडतीस वर्षं झाली. आणि ऊना कोण, ते या वहीला काय सांगायचं!

समुद्रावर मासेमारीला घालायच्या हातमोज्यांना आम्ही दोन-दोन अंगठे विणतो. तळवा भिजून झिजला की मोजा फिरवून घालायचा, म्हणजे कोरडी बाजू वल्ह्यावर येते. त्या संध्याकाळी मी चौदा वर्षांची, मांडीवर मागून आणलेली कादंबरी, सकाळी परत द्यायची, आणि शेवटची चाळीस पानं उरलेली. ओद्दुरच्या मोज्यांचे दुसरे अंगठे विणलेच नाहीत! सकाळी ओद्दुर दारात हसला. "एकेकच? मला काय अर्धा माणूस समजलीस?" तसेच घालून गेला.

वल्हं ओल्या मोज्यातून निसटलं असेल का? माझ्या डोक्यात ते रोज निसटतं. आईला कधी सांगितलं नाही. आता हे लिहायचं, आणि तिच्यासमोर बसून वाचायचं?

९ ऑक्टोबर

हिंमत झाली नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी वाचून आले.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

वाचलं.

वादळ काढलं, रडणं काढलं. नुसती ती मुलगी, तिची चाळीस पानं, मोजे, आणि दारातला भाऊ. "एकेकच?" म्हटलं आणि एक सुई थांबली. मग दुसरी. मग सगळ्याच! माझा आवाज सपाट होता, अगदी सामानाची यादी वाचावी तसा. हल्दोरा आजींची कॉफी निवून गेली. त्यांनी डोळे पुसले आणि मला "बघतेस काय, वाच!" म्हणून दटावलं.

मला आनंद झाला. लाज वाटावी इतका. इतकी वर्षं मी शब्द सजवत बसले होते आणि हे बाजूला लपवून ठेवलं होतं.

मग आईकडे पाहिलं. विणकाम मांडीवर पडलेलं. ती माझ्याकडेच बघत होती.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

आज सगळ्या उठून गेल्यावर आईने माझं मनगट धरलं.

"बाई, पुस्तकातल्या त्या मुलीला एक निरोप कळवाल?"

"काय कळवू?"

"मोज्यांचं काही नव्हतं म्हणावं. माझाही मुलगा असाच गेला. आभाळ बघून तो म्हणाला होता, आई, आज नको वाटतंय. मीच त्याला ढकललं. म्हटलं, घरात मासा नाही, ऊठ."

मी खाली बसले.

"पण आमच्या रन्वेगला सांगू नका हं," आई म्हणाली. "ती मला माफ करायची नाही."