मिठाचा खड्डा आणि बिनआवाजाची गाडी

३ फेब्रु.
गाडी आली. नांदेडच्या नणंदबाईंनी मोठी घेतली, म्हणून त्यांची जुनी इलेक्ट्रिक आमच्या वाट्याला. भाच्यानं आणून पत्र्याच्या शेडमध्ये लावली, जिथं आमची जीप उभी असायची. जमिनीवर ऑइलचा काळा डाग अजून तसाच आहे, त्याच्यावरच ही पांढरीशुभ्र. सुभाष एकदा तिच्याभोवती फिरले आणि परत ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसले. (समोर 'अहो', इथं मात्र नावानं. पुढं नुसतं सु. लिहीन.)
"चांगली हाय." एवढंच.
आमच्या इथल्या गोरेगाव-हिंगोली रस्त्यावर सवारीची जीप चालवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते हे. छातीचं ऑपरेशन झालं, जीप विकली, तेव्हापासून स्टिअरिंगला हात नाही. खरं सांगायचं तर गाडीचं मला फार काही नाही. ते त्या खुर्चीतून उठायला हवेत.

४ फेब्रु.
गाडीसोबत एक जाड केबल आलीय, मध्ये डबी, डबीवर दिवा. स्वयंपाकघरात मिक्सरच्या प्लगला लावून खिडकीतून ओढून नेली. लाल दिवा. काढून परत लावली. लालच.
सु. खुर्चीतूनच, "लाईट गेली आसंल." लाईट होती.
भाच्याला फोन. "मामी, घराला अर्थिंग न्हाई वाटतं. त्याबिगर ही गाडी चार्ज व्हायची न्हाई."
मग सेनगावला ऑफिस. समोर टपालाचा ढीग आणि मी मनानं सिद्धेश्वरला. धरणाच्या काठाला गाडी उभी, काचा खाली, कसलाच आवाज नाही, नुसतं पाणी. सु. चालवत आलेत, मी शेजारी. एका म्हाताऱ्याच्या अर्जावर आवकऐवजी जावकचा शिक्का मारला. "बाई, झोप झाली न्हाई का?" म्हणाला बिचारा.

८ फेब्रु.
हिंगोली. दुकानात भिंतीवर लावायचे चार्जर बघितले. एकाला काचेची पाटी, कडेनं निळा उजेड, बोट लावलं की आकडे उमटतात. "मॅडम, ये ले लो, टेन्शन खतम. दोपहर में लगाओ, शाम को फुल." मात्र त्यासाठी मीटरचा लोड वाढवून घ्यायचा, खांबापासून नवी केबल ओढायची, आणि ते सगळं आपल्या ऐपतीबाहेरचं. तरी परतताना भाड्याच्या जीपमध्ये कोंबून बसल्या बसल्या शेडची भिंत निळी दिसत होती. बाजूच्या बाईची कोंबडी माझ्या मांडीवर कधी आली तेही कळलं नाही.
घरी सु.ना सगळं सांगितलं. डोळे मिटूनच ऐकलं.
"गाडी सांजच्याला येणार, सकाळी जाणार. रातभर उभी ऱ्हाऊन दुसरं काय काम हाय तिला? हळूहळू पिऊ दे की."
कित्येक दिवसांत एवढं लांब बोलले नव्हते.
तर ठरलं. आहे तीच केबल वापरायची. त्यासाठी शेडमध्ये पंधरा अँपिअरचा वेगळा पॉइंट, मीटरपासून थेट जाड वायर, शॉकच्या आधी बंद पडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग. सगळ्यात स्वस्त तेच. निळ्या उजेडाचं थोडं वाईट वाटलं, कशाला लपवू.

९ फेब्रु.
वायरमन दिलीप आला. अर्थिंगची तार शोधत शोधत मीटरपासून निघाला तो घराला वळसा घालून बोअरपाशी. घर बांधलं तेव्हा बोअरच्या लोखंडी पाइपला ती गुंडाळली होती. पाइप गंजला, मध्ये आपण प्लास्टिकचा टाकला. तार आता प्लास्टिकला बांधलेली. चांगली दुहेरी गाठ मारून.
दिलीप आधी हसला. "काकू, आमच्या घरीबी असंच आसंल हो."
ओसरीवरून सु., "गाठ मीच मारली. तार लोंबकळून राहिली व्हती, बरी दिसंना."
फ्रीज, मिक्सर, सगळं त्या गाठीच्या भरवशावर, आणि आम्ही खुशाल.

११ फेब्रु.
शेडमागं खोल खड्डा. त्यात पत्रा, लाकडी कोळसा, खडेमीठ. मिठाची गोणी रिकामी होत असताना शेजारच्या कौसाबाई भिंतीवरून डोकावल्या.
"काहून गं मीठ पुरून राहिले? कुणावर?"
"गाडीला दृष्ट लागू नये म्हणून, मावशी."
त्यांनी मान डोलावली. त्यांना ते अगदी पटलं. उद्यापर्यंत गावभर.
दिलीप म्हणाला, ऊन तापत चाललंय, खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतत जा, माती वाळली की अर्थिंग गेलं. मग केबल लावली.
हिरवा. पाट घेऊन त्या दिव्यासमोर बसले. भाजी लागली, सु.नी हाक मारली तेव्हा कळलं.

१६ फेब्रु.
संध्याकाळी शेतातले पंप चालू असले की विजेचा दाब कमी, दिवा लुकलुकतो. जेवणं होईस्तोवर धीर धरायचा.
खड्ड्यात पाणी सु. घालतात. मी सांगितलं नाही. सकाळी बादली घेऊन जातात, एकदम ओतत नाहीत, माती पिईल तसं. आज पाणी घालून झालं तरी परत येईनात, म्हणून बघायला गेले. गाडीत बसले होते, दार लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी बंदच. मी मागच्या पावली परत आले आणि उगीच भांडी घासत बसले, घासलेलीच.

१९ फेब्रु.
म्हटलं, चला, वेशीपर्यंत एक चक्कर.
खुर्चीचा हात चोळत राहिले. मग, "त्या दिशी जीपमधी माणसं भरलेली व्हती. वळणावर छातीत कळ आली. कशीबशी बाजूला घेतली. लेकरं व्हती गं मागं." आणि थोड्या वेळानं, "भ्या वाटतं. ह्या गाडीला तर आवाजबी न्हाई. ती चालू हाय का न्हाई, मी चालू हाय का न्हाई, कळंल कसं?"
लग्नाला इतकी वर्षं झाली, 'भ्या' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा. मी हात धरला. धरू दिला. सिद्धेश्वरचं काही बोलले नाही.

२३ फेब्रु. रविवार
उशिरा जाग. चहा टाकला, दोन कप. ओसरीवर खुर्ची रिकामी.
शेडमागं खड्डा ओला, बादली पालथी. केबल काढून, गोल गुंडाळून खिळ्याला. जीपच्या वेळचा त्यांचा घाम पुसायचा लाल चौकड्याचा रुमाल कपाटात घडी घालून होता, तो नाही. जमिनीवर जुना ऑइलचा डाग, वर गाडी नाही.
त्यांचा फोन खिडकीत. इथंच.
कौसाबाईंना विचारलं. "न्हाई बा, कायबी ऐकू आलं न्हाई." कसं येणार.
जीप होती तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं, आता वेशीपाशी, आता ओढ्याच्या चढाला, आता गिअर बदलला. चढ पार झाल्याशिवाय मी उठत नसे. बिनआवाजाच्या गाडीचं एवढं वेड घेतलं होतं मी, आणि आज…
त्यांच्या कपावर बशी ठेवलीय. किती आनंद झालाय आणि किती भीती वाटतेय, वेगळं करता येत नाही. ओसरीवर त्यांच्याच खुर्चीत, रस्त्याकडं कान लावून बसलेय. काही ऐकू येणार नाही हे माहीत असून.