स्वकष्टाने

शुक्रवार, ९ ऑगस्ट

चि. भाऊजींस,

अनेक आशीर्वाद. एवढे मोठे न्यायमूर्ती झालात तरी लिहायला बसलं की मला 'चि.'च सुचतं, रागावू नका. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. मागच्या खोलीचं छत दुरुस्त करून घेतलं. दुपारी वाचत बसते. सध्या ग्रंथालयातलं एक जाडजूड प्रवासवर्णन चाललं आहे. पानं उलटली जातात.

कामाचं लिहिते. आपल्या घराच्या दर्शनी भिंतीवर तुमच्या नावाचा दगड बसवायचं नगरपालिकेनं ठरवलं आहे. तुमचा जन्म या घरातला, म्हणून. माझी संमती हवी होती, ती मी दिली. मंगळवारी तिथले कारकून मजकुराचा कागद घेऊन आले.

"काकू, तुम्ही छापखान्यातल्या. नुसते ऱ्हस्व-दीर्घ बघा. एकदा दगडात गेलं की खोडरबर चालत नाही."

छापखान्यातली कसली. हे तिथे अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी प्रुफं घरी आणायचे. हे मूळ प्रत मोठ्याने वाचणार आणि मी प्रुफावर बोट फिरवत जाणार. लग्न झालं तेव्हा मला अक्षरओळखही नव्हती. बोट फिरवता फिरवता वाचायला लागले. तुम्ही कोपऱ्यात अभ्यास करत असायचात. "वहिनी, जरा मनात शिका, तुमच्या ओळी माझ्या पाठांतरात घुसतायत," म्हणायचात.

तर मजकूर चार ओळींचा. तुमचं नाव, जन्म, पद. आणि 'गरीब घरात जन्मून स्वकष्टाने शिकले.' मी 'स्वकष्टाने'वर काट मारली.

"काकू, मजकुरात हात नका घालू."

"हात नाही घातला, पेन्सिल घातली."

"अहो, पण हे काकांनीच लिहून दिलंय. फेब्रुवारीत." त्यांनी फाइलीतून कागद काढला. ह्यांचंच अक्षर. "मी म्हटलं होतं त्यांना, धाकट्याला शिकवायला तुम्ही सातवीतून छापखान्यात गेलात, तेही घालू. तर म्हणाले, दगड लहान आहे."

मी ह्यांचा कागद शेजारी ठेवून मजकूर पुन्हा ताडून पाहिला. काना-मात्रेचा फरक नव्हता. मूळ प्रतीत नाही ते तपासणाऱ्याने घालायचं नाही, आहे ते काढायचं नाही, हा ह्यांचा नियम. काट मारलेला शब्द ठेवायचा असला की खाली ठिपके देतात. मी ठिपके दिले. कारकून चहा पिऊन गेले.

मार्चमधलं या पत्रात लिहायचं नव्हतं. हे अकरा दिवस रुग्णालयात होते. मी तुमच्या कचेरीत दोनदा फोन केला, दोन्ही वेळा कोणीतरी निरोप लिहून घेतला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "निघाला का तो?" मी म्हटलं, निघालेत. त्यानंतर ह्यांनी विचारलं नाही. माझं खोटं त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पुढे तुमच्या सहायकाचं सांत्वनाचं पत्र आलं. त्यात 'दुःखद'चा विसर्ग भलत्या जागी पडला होता. मी पेन्सिलीने तो दुरुस्त केला. रडायला तेव्हाही आलं नाही, अजूनही येत नाही.

कारकून म्हणतात, ज्यांच्या नावाचा दगड त्यांनी दोन ओळी कळवल्या तर मजकूर बदलता येतो. पाथरवट १९ तारखेला काम सुरू करणार आहे. तो शब्द माझ्याच्याने निघत नाही, ह्यांनी ठेवला आहे. तुम्हाला काढता येईल. खरं काय ते ठरवण्यातच तुमचा जन्म गेला. मला उत्तर नको, नगरपालिकेला लिहा. नाही लिहिलंत तर शब्द राहील, आणि दारातून जाता-येता मी तो वाचेन. डोळ्यांपुढे अक्षर आलं की न वाचता पुढे जाणं मला आता जमत नाही.

प्रकृतीस जपा.

तुमच्या दादाची बायको