माणसं नाही, घरं मोजायची

शिरवणे गाव, नेरूळ

प्रिय जाईताई,

फोन केला की तू "सगळं मजेत" म्हणतेस आणि लगेच फोन क्षिप्राच्या हातात देतेस. ती मला शाळेच्या भिंतीवर बसणाऱ्या मांजरीची हकिगत सांगते, आणि जे विचारायला फोन केलेला असतो ते राहूनच जातं. पत्राचं बरं असतं. पत्र मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. आधी पेन्सिलीने कच्चं लिहिलंय, आता हे पक्कं लिहितोय, त्यामुळे शांतपणे शेवटपर्यंत वाच.

गणपतीत तू आलीस तेव्हा आई म्हणाली, सुधीरदाजींचं घर सोडलंस ते सोडलंस, पण अलिबागला भाड्याच्या खोलीत पोरीला घेऊन एकटी कशाला राहतेस, घरी ये. तू हसत म्हणालीस, "आले तर झोपू कुठे? गच्चीवरच्या टाकीत?" सगळे हसले, बाबाही हसले. मी तुझ्या बॅगेकडे बघत होतो. तू आमच्याकडे होतीस तोवर ती हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला उभी होती. तू एक कपडा काढायचीस आणि लगेच चेन लावायचीस. क्षिप्राची खेळणीसुद्धा संध्याकाळी परत त्याच बॅगेत जायची. आपल्याच घरात कोणी असं राहतं का, हे मला तेव्हाच विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. शिवाय तुझं म्हणणं खोटं नव्हतं. तुझ्या लग्नाचा मांडव उतरला आणि बाबांनी वरच्या मजल्यावरच्या तुझ्या खोलीत प्लायवूडची भिंत घातली. एका खोलीच्या दोन झाल्या आणि दोन्हींत एमआयडीसीतले भाडेकरू आले. बाबांचं वाक्य तुला पाठच आहे, "मोकली खोली घराला शोभत नाय." गावात सगळ्यांचं तसंच झालंय. शेती गेली, मिठागरं गेली, आता खोल्यांचंच पीक.

आता माझी बातमी सांगतो, मग परत खोलीकडे येतो.

वाशीच्या ऑफिसात मला आता केबल खांद्यावर टाकून गच्च्यांवर चढावं लागत नाही. आमची कंपनी लहान आहे, पण वाशीपासून खांदेश्वरपर्यंत घरोघरी इंटरनेट देते, आणि आता आम्ही इंटरनेटच्या नव्या पत्त्यांवर जातोय. ते पत्ते कसे वाटायचे याचा आराखडा माझ्याकडे दिला. डिप्लोमा अर्ध्यावर सोडलेल्या मुलाला हे काम दिलं म्हणून सुरुवातीला मी धास्तावलो होतो. आता जमतंय, आणि चांगलं जमतंय.

सोपं करून सांगतो. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, तो त्याचा पत्ता. जुन्या पद्धतीचे पत्ते जगाला पुरेनासे झाले, म्हणून आम्ही अख्ख्या बिल्डिंगला मिळून एकच पत्ता द्यायचो. बाहेरच्याला वाटणार की सगळी बिल्डिंग म्हणजे एकच माणूस. मग सी विंगमधल्या कोणी एखाद्या वेबसाइटवर आगाऊपणा केला की ती वेबसाइट सगळ्याच बिल्डिंगला दार लावते आणि शिव्या आम्हाला पडतात. नव्या पद्धतीत पत्ते इतके आहेत की ती संख्या वाचताना मी दोनदा चुकलो. पृथ्वीवरच्या प्रत्येकाला वाटले तरी संपणार नाहीत.

आणि तरी मी काय केलं असेल? मी घरोघर विचारत फिरलो. तुमच्याकडे फोन किती, टीव्ही किती, कॅमेरा आहे का? ज्याच्या घरी जितकी यंत्रं, त्याला मोजून तितकेच पत्ते, वर एखादा जास्तीचा. एकही वाया जाणार नाही असा आराखडा केला आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर तीन वेळा तपासला. केयूर माझ्या बाजूच्या टेबलावर बसतो. तो म्हणाला, "काय शिवा, रेशनचं दुकान टाकलंस का? साखर पण देतोस?" मी म्हटलं, तू हस, पण काटकसर कळायला अक्कल लागते.

चाचणी खांदेश्वरच्या एका सोसायटीत, सेक्रेटरींच्या घरी होती. जुना पत्ता बंद ठेवून फक्त नवा चालू केला. माझा लॅपटॉप झकास चालला. पण त्या दिवशी त्यांच्या सुनेचं डोहाळेजेवण होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि एकाही बाईचा फोन घरच्या इंटरनेटला लागेना. झोपाळ्यावरच्या सुनेचा फोटोही कोणाला पुढे पाठवता येईना. सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं नवीन इंटरनेट आमच्या पाहुण्यांना ओळखतच नाही वाटतं!" तेवढ्यात एका आजींनी माझ्या हातात पेढा ठेवला. तो खिशात घालून मी जुना पत्ता परत चालू केला.

दुसऱ्या दिवशी वैजयंती मॅडमनी बोलावलं. त्या आम्हाला सल्ला द्यायला येतात, मोठ्या शिकलेल्या आहेत, आणि मला वाटलं आता आपण परत गच्चीवर. त्यांनी आराखडा शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "इतकं थोडं थोडं का दिलंस?" मी म्हटलं, वाया जायला नको म्हणून. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टंचाई होती तेव्हा मोजून द्यायची सवय लागली. टंचाई संपली, सवय संपली नाही. अरे शिवतेज, यात माणसं मोजायची नाहीत, घरं मोजायची. प्रत्येक घराला त्याचा पूर्ण वाटा दे. आत कोण येतं, कोण जातं, ते घर बघून घेईल."

मग त्यांनी कारण समजावलं, आणि ताई, ते मला फार आवडलं. नव्या पत्त्याचा पुढचा अर्धा भाग घराचा असतो आणि मागचा अर्धा अख्खा मोकळा सोडायचा असतो. कोणताही फोन घरात आला की त्या मोकळ्या जागेत तो स्वतःच आपला पत्ता तयार करतो. तो आधी घरातल्या बाकीच्या यंत्रांना विचारतो, हा कोणी घेतलाय का? कोणी बोललं नाही की तिथे राहायला लागतो. ना अर्ज, ना परवानगी. मी ती मोकळी जागाच कापून टाकली होती. लॅपटॉपला हातात दिलेला पत्ता चालतो, म्हणून माझी चूक ऑफिसात दिसली नाही. त्या पाहुण्यांच्या फोनांना मात्र मोकळी जागाच लागते. मोजून दिलेलं ते घेतच नाहीत.

मी सगळा आराखडा नव्याने केला. प्रत्येक घराला भरपूर दिलं, दोन बिल्डिंगांच्या मध्येही जागा राखून ठेवली, उद्या कोणी नवीन आलं तर असावी म्हणून. परवा परत खांदेश्वरला गेलो. सेक्रेटरींच्या घरातले सगळे फोन लागले, शेजारच्या काकू पोहे घेऊन आल्या त्यांचाही लागला. आता सगळ्या सोसायट्यांना माझाच आराखडा लागू होतोय.

आता खोली. तुझ्या खोलीतले दोन्ही भाडेकरू गेल्या महिन्यात गेले, त्यांची कंपनी तळोज्याला हलली. मी जेवताना बाबांना म्हटलं, आता ही खोली भाड्याने द्यायची नाही. बाबा म्हणाले, "कंपनीत नंबर वाटतोस, आता घरात खोल्या वाटायला लागलास काय? ती कुठे येते म्हनाली?" मी म्हटलं, जागा दिसली तर म्हणेल ना. एरवी बाबांना मी उलट बोलत नाही, पण या वेळी बोललो. तेवढ्यात आई आमटीचं पातेलं ठेवत म्हणाली, "मी भात टाकते तो येनाऱ्याचा घास धरूनच टाकते. इतकी वर्सं झाली, कधी मानसं मोजली? कधी कमी पडला?" बाबांनी आणखी थोडा भात घेतला आणि जेवून हात धुवायला उठले. मला वाटलं, विषय संपला.

रविवारी हौसेराव आले. गावातल्या खोल्यांना गिऱ्हाईक तेच आणतात. सोबत दोन मुलं होती, चांगल्या नोकरीतली. बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "खोली गेली." हौसेराव म्हणाले, "माझ्याशिवाय? कोनाला दिलीस, किसन?" बाबा म्हणाले, "जाईला." तेवढंच बोलले आणि वर गेले. थोड्या वेळाने हातोड्याचा आवाज आला. मी धावलो तर भिंत अर्धी निघाली होती. त्या प्लायवूडचं टेबल केलंय, क्षिप्राच्या उंचीचं. त्याची एक कड खरखरीत होती, ती बाबांनी स्वतः घासली. त्यांचं लोखंडी कपाटही वर नेऊन ठेवलंय, रिकामं करून. आणि हे पत्र लिहायची कल्पनाही माझी एकट्याची नव्हे. पेन आणून बाबांनीच दिलं. काय लिहू, विचारलं, तर कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लिही, मोकली खोली घराला शोभत नाय."

तुझाच धाकटा,
शिवा