चाळीसगावची विनंती

॥ श्री महावीराय नमः ॥

चाळीसगाव
कार्तिक शुद्ध षष्ठी, मंगळवार
ता. १५ नोव्हेंबर १९८८

धुळे येथे चातुर्मासासाठी विराजित महासती श्री सौम्यप्रभाजी म.सा. यांच्या चरणी,

नेमीचंदची वंदना. पूज्य गुरुणीजींना आणि सर्व महासतीजींना वंदना. सुखसाता असेल अशी भावना ठेवतो. दिवाळी झाली आणि इकडे थंडी एकदम उतरली. धुळ्याच्या जैन स्थानकातली मागची खोली गार असते, हे मी श्रावणात दर्शनाला आलो तेव्हा पाहिलं होतं. आपलं आसन तिथेच असेल तर खिडकीची फट कुणाकडून तरी बुजवून घ्यावी.

पत्र आधी गुरुणीजी वाचतील आणि मग आपल्याला ऐकवतील, हे मला ठाऊक आहे. तसंच असावं. सहा वर्षांपूर्वी दीक्षेच्या दिवशी आम्ही लेक संघाच्या ओटीत घातली, तेव्हापासून संसारपक्षे वडील म्हणून लिहिण्यासारखं माझ्याकडे वेगळं काही उरलेलं नाही. गावाकडची शाळा शिकलेला माणूस आहे. घरात मारवाडी बोलतो, पण लिहायला मराठीच हाताला येते. चुकलं-माकलं सांभाळून घ्यावं.

चाळीसगावला येण्याच्या विनंतीचं राहून गेलं आहे, ते आधी लिहितो. संघाचे मंत्री रुपचंदजी मागच्या महिन्यात दुकानावर आले होते. पौर्णिमेला चातुर्मास संपला की आपला पायी विहार कर्नाटकाकडे होणार. तिकडून परत कधी येणं होईल, सांगता येत नाही. चाळीसगावची विनंती पोचली तर आपण इकडून कन्नडच्या घाटाने जाल, नाहीतर मालेगाव-नाशिककडून. रुपचंदजी म्हणाले, “नेमीचंदजी, पहिली सही तुमची पाहिजे. बाकीच्या मी एका सकाळी गोळा करतो.” मी म्हटलं, स्थानकात फरशीचं काम चाललंय, ते होऊ द्या. दुसऱ्या वेळी आले तेव्हा म्हटलं, मेहुणबाऱ्याकडचा रस्ता उखडलाय, अनवाणी पायांना खडी टोचेल. चहा न घेताच गेले.

आता रविवारची हकिगत.

आमचे धाकटे बंधू अभयकुमार यांची शकुन आपल्याला आठवत असेल. दोघी एका वर्गात होतात. वैशाखात तिचं लग्न झालं, घाटकोपरला दिली. जावई विमलकुमार पहिल्या दिवाळसणाला आले होते. त्यांना पोहण्याचा फार नाद. मुंबईत एवढा समुद्र असून पोहायला मिळत नाही म्हणे. म्हणून अभयने गिरणा धरणावर दिवसभरासाठी एक मोटरची होडी ठरवली. धरणाच्या पाण्यात टेकड्या बुडाल्या, त्यांचे माथे तेवढे वर राहिले आहेत. त्यांना तिकडे बेटं म्हणतात. एका बेटावर स्वयंपाक करायचा, आजूबाजूला पोहायचं, आणि सूर्यास्ताच्या आत काठावर परत यायचं, असा बेत होता.

संसारपक्षे आपली आई सूरजबाई यायला तयार नव्हती. शकुन येऊन तिच्या पुढ्यात बसली. “मोठी बाई, तू नसलीस तर बट्ट्या कोण करणार? आईच्या हातच्या बट्ट्या खाऊन जावई पळून जाईल.”

तिची आई धनकुंवर आतून म्हणाली, “पळू दे. पोहता येतं त्याला.”

सूरजबाई हसली आणि उठून पीठ चाळायला घेतलं.

होडी मच्छीमारांची, हे काठावर गेल्यावर कळलं. सूरजबाई आणि धनकुंवर दोघी नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. होडीवाला हिलाल मोठा हजरजबाबी. तो म्हणाला, “शेठानीबाई, नवी होडी शे. आजपावत हिनामा एक मासाबी बसना नही. पयले तुम्हीच बसनात.” मग सगळे बसले. जावईबापूंनी ट्रकच्या दोन ट्यूबा हवा भरून आणल्या होत्या, त्यांनीच निम्मी होडी भरली. पाणी किती खोल आहे, असं अभयने विचारलं. हिलाल म्हणाला, “मना बापले बी तळ सापडना नही, शेठ. तुम्ही वरवरच ऱ्हावा.”

मला पाणी पाहून बरं वाटलं. ऊन कोवळं होतं. दूरवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. बहाळला असताना आमच्या घरामागे हीच गिरणा वाहायची. धरण झाल्यावर ती तिथे रोडावली. इथे वर तिचं पाणी साठून राहिलं आहे. माणसाचंही असं होत असेल. असो.

बेटावर एक बाभूळ आणि थोडं कोरडं गवत, बाकी दगड. मी जागा हलक्या हाताने झाडून घेतली, एकेक गोवरी झटकून, निरखून रचली. जावईबापू पाहत होते. म्हणाले, “मोठे बाबूजी, एवढं कशाला?” मी म्हटलं, “आत कुणाचं घर असतं.” मग त्यांनीही दोन गोवऱ्या निरखल्या आणि पाण्यात उडी घेतली.

अभय, जावई आणि शकुन पोहत पलीकडच्या बेटापर्यंत गेले. धनकुंवर गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती, की पुढे जाऊ नका. मी सगळ्यांचे टॉवेल आणि चपला सांभाळत विस्तवाजवळ बसलो. शकुनला पोहायला मीच शिकवलं होतं. बहाळच्या डोहात, पाठीला सुका भोपळा बांधून, दोघींना एकदम. उजवा हात जरा बाहेरून फेकायची सवय तेव्हा दोघींनाही लागली, ती मी मोडू शकलो नाही. रविवारी लांबून डोकं ओळखू येत नव्हतं, फक्त पाण्यावर येणारे हात दिसत होते. एवढंच लिहितो.

सूरजबाई पीठ मळत होती. न बघताच म्हणाली, “तुम्ही जा की.”

“माझा नियम आहे.”

“पाणी तिने सोडलं. तुम्ही का सोडलं?”

दीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही नियम घेतले, तेव्हा मी नदी-तलावात न उतरण्याचा घेतला होता. तो कशासाठी, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “तिच्या सोबतीला.”

“तिला कळते का ही सोबत?”

“नाही.”

“मग?”

मी बट्ट्या उलटायला घेतल्या.

जेवायला सगळे ओल्या केसांनी गोल करून बसले. बट्टी, तुरीचं वरण, गट्ट्याची भाजी, वर तूप. जावईबापूंनी इतक्या खाल्ल्या की अभय म्हणाला, “परतताना यांना होडीत घेऊ नका, मागे बांधून आणा.” फार दिवसांनी सूरजबाई तोंडावर पदर न घेता हसली. तेवढ्यात जावईबापूंना काय आठवलं कोण जाणे. त्यांचे वडील व्यापारात गढलेले, घरात साधुसाध्वींचं येणं-जाणं फारसं नाही, त्यामुळे त्यांचा दोष नाही. ते म्हणाले, “मोठी बाई, महासतीजी चाळीसगावला येणार म्हणतात. म्हणजे गोचरीला तुमच्या दारी येतीलच. मग त्या दिवशी काय काय करणार? त्यांच्या आवडीचं?”

शकुनने त्यांच्या मांडीला चिमटा काढला, तो मला दिसला. सूरजबाई वाढत होती, तिचा हात थांबला.

मी त्यांना समजावून सांगितलं. आपल्याला हे लिहायची गरज नाही, पण काय सांगितलं ते कळावं म्हणून लिहितो. म्हटलं, साध्वींसाठी म्हणून मुद्दाम केलेलं अन्न त्यांना चालत नाही. गृहस्थाने स्वतःसाठी केलं असेल, त्यातलं थोडंसं त्या घेतात. दारात उभं राहून विचारतात, की हे आमच्यासाठी तर केलं नाही ना. हो म्हटलं तर पुढच्या घरी जातात.

“आईनं केलेलं असलं तरी?”

“आई असं कुणी नसतं त्यांना.”

हे मी बोललो. सूरजबाईसमोर बोललो. पाण्याचा आवाज काठाला येत राहिला.

राखेत एक बट्टी राहिली होती. बाकीच्यांपेक्षा लहान, कडा अंगठ्याने दाबलेली. शकुनने ती चिमट्याने काढली आणि फोडली, तर आत गूळ. तिने लगेच ओळखली. कुणासाठी गूळ घालून बट्टी होत असे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तरी तिने विचारलं, “मोठी बाई, ही कुणाची?”

“कुणाची नाही. पीठ उरलं होतं.”

ती हिलालला दिली. तो खात खात म्हणाला, “माय, आशी बट्टी मी कधी खादी नही.” सूरजबाईने त्याच्या बट्टीवर आणखी तूप वाढलं.

मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी रोज पाहतो आणि कधी बोललेलो नाही. आमच्या घरात आता दोनच माणसं. पण रोज सकाळी तव्यावरचा शेवटचा फुलका आम्हा दोघांचा नसतो. तो कधी गाईला जातो, कधी रस्ता झाडणाऱ्या भिकुबाईला. मी विचारत नाही, ती सांगत नाही.

परत निघताना सूरजबाई माझ्याशेजारी, होडीच्या मागच्या बाजूला येऊन बसली. मोटरचा आवाज मोठा, पुढच्यांना काही ऐकू जात नव्हतं. म्हणून बोलली असेल. घरात तर कुणीच नसतं, तरी तिथे बोलली नाही.

“विनंतीवर सही का करत नाही तुम्ही?”

“तू नको म्हणशील म्हणून.”

“मी कधी नको म्हटलं?”

“सहा वर्षांत एकदाही दर्शनाला आली नाहीस, सूरज.”

ती पाण्याकडे वळली. मग म्हणाली, “तिथे स्थानकात गेले तर ती पाटावर बसलेली असेल आणि मी हात जोडून समोर. ते मी करीन हो. तेवढी मी अडाणी नाही. पण इथे ती दारात येईल, हातात पात्र घेऊन. आणि मला विचारेल, हे आमच्यासाठी तर केलं नाही ना. मी काय सांगू? तिच्या तोंडावर खोटं बोलू? का खरं सांगून माझ्याच दारातून तिला रिकामं पाठवू?”

“त्या दिवशी वेगळं काही करू नकोस. रोजचंच कर.”

“रोजचंच तर तिच्यासाठी असतं.”

मी तिचा नवरा आहे, एका ताटात जेवल्यासारखी इतकी वर्षं काढली. श्रावणात धुळ्याला येताना मी लोकांना सांगत असे, की सूरजबाईंचे गुडघे दुखतात. खरं मला रविवारी कळलं.

मी म्हटलं, “गुरुणीजींना विचारतो. मनात नुसती आठवण असली तर दोष धरतात की नाही, शास्त्रात काहीतरी असेल.”

“विचारू नका. शास्त्रानं सोडलं तरी मला ठाऊक आहे मी कुणासाठी करते.”

त्यामुळे मी विचारत नाही. गुरुणीजींनीही या गोष्टीचं उत्तर कळवू नये, ही नम्र प्रार्थना.

काठ दिसू लागला. अभयच्या घरचे घाईने पाणी पिऊन घेत होते, कारण सूर्य टेकायला आला होता. सूरजबाईनेही पाणी घेतलं, नवकार म्हटला, आणि मग विचारलं, “चौदसचा उपवास ती अजून करत असेल?”

मी म्हटलं, “घरी असताना सोडला नाही, आता कसा सोडेल?”

“मग तिला चौदसला येऊ दे. त्या दिवशी तिला काही लागायचं नाही. मला काही विचारायचं नाही. दारात येऊन मंगलिकाचा पाठ ऐकवेल, तेवढं ऐकेन.”

होडी काठाला लागली तेव्हा शकुनने हात देऊन तिला उतरवलं. सूरजबाईने तो हात थोडा वेळ सोडला नाही.

काल सकाळी मी स्वतः रुपचंदजींच्या घरी गेलो आणि सही केली. त्यांनी या वेळी मला चहा पाजला. स्थानकातल्या फरशीचं काम खरं तर दिवाळीआधीच संपलं आहे. रस्ताही बरा आहे. खडी फक्त मेहुणबाऱ्याच्या पुलाजवळ आहे, तिथे डाव्या कडेने यावं, मातीची वाट आहे.

तरी चाळीसगाव संघाच्या वतीने आणि आम्हा उभयतांच्या वतीने विनंती अशी, की पौर्णिमेनंतर आपण इकडून विहार करावा आणि वद्य चौदसला चाळीसगावी पोहोचावं. इतर महासतीजींच्या गोचरीला संघाची घरं पुष्कळ आहेत. आमच्या दारी आपण उपवासाच्या दिवशी यावं. दुसऱ्या दिवशी सूर्योदय झाला की पुढचा विहार करावा आणि आपलं पारणं पुढच्या गावी, कुणाच्याही घरी, जे त्यांनी स्वतःसाठी केलं असेल त्याने व्हावं. घरी येणाऱ्याला कुणी अशी विनंती करत नाही, हे मला कळतं. पण तिला आपल्याला पाहायचं आहे, आणि यापेक्षा दुसरी वाट आम्हाला सापडली नाही.

चौदसला आमचाही दोघांचा उपवास असेल. घरात चूल पेटणार नाही. दार सकाळपासून उघडं राहील.

वंदना.

नेमीचंद

खालची सही सूरजबाईच्या हातची आहे. काही लिहायचं का, असं विचारलं, तर नाही म्हणाली.

सूरजबाई