किरकोळ असल्याचा पुरावा

ता. ११ मार्च

ती. दादास धाकटीचा साष्टांग नमस्कार. (पाय केव्हाच प्लॅस्टरमधून सुटलाय, तेव्हा साष्टांग हे खरोखरचं समज.)

वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझं पत्र मिळालं. "अख्ख्या देशावर दावा लावतेस? डोकं फिरलंय. मागे घे." निवृत्त झालास तरी अक्षर मुख्याध्यापकाचंच, लाल शाई तेवढी नव्हती.

दादा, देश मोठा असेल, पण दूतावासाचा जिना त्यांचा आणि त्यावरून पडले मी. सहा आठवड्यांनी परतले, तर माझ्या टेबलाशी दुसरी भाषांतरकार. एकोणीस वर्षांनी! मला माझी जागा परत हवी.

आता कायदा ऐक. संस्कृतातलं न्यायशास्त्र, म्हणजे वाद कसा घालावा ते, शिकवणाऱ्या आमच्या गुरुजींनी मान डोलावली असती. परक्या देशाला इथल्या कोर्टात सहसा ओढता येत नाही. "आम्ही देश आहोत," एवढंच त्यांनी दाखवायचं. झेंडा फडकवला, झालं. मग पुराव्याचं ओझं माझ्यावर. माझं काम राज्यकारभारातलं नव्हतं, कुठल्याही कचेरीत चालतं तसलं होतं, हे मी दाखवायचं. ते जमलं, की तरीही आपल्याला सूट का मिळावी हे पटवण्याचं शेवटचं ओझं पुन्हा त्यांच्या डोक्यावर. माझी वकीलबाई म्हणते, "ताई, तुम्ही जितक्या किरकोळ, तितकी आपली बाजू भक्कम."

आणि त्यांनी पुरावा म्हणून काय जोडलंय? तुझ्या शाळेच्या अंकातला तुझाच लेख! "माझी बहीण दोन राष्ट्रांमधल्या तहांचे मसुदे करते." त्यांचा वकील कोर्टात ते खणखणीत वाचत होता आणि मी मेली क्षणभर सुखावले.

तर ते असं आहे. मला संस्कृत शिकता यावं म्हणून तू अण्णांशी भांडलास, वर्षभर त्यांचा अबोला सोसलास. अशा भावाला पहिल्या दिवशी काय कळवू? गळक्या नळासाठी प्लंबरला पत्र लिहिलं म्हणून? म्हणून मी तह करते असं सांगितलं. मग एकोणीस वर्षं तहच करत बसले.

एकही केला नाही, दादा. नळ, लिफ्ट, राजदूतांच्या कुत्र्याबद्दल शेजाऱ्यांची तक्रार. असल्या पत्रांच्या चारशे बारा कच्च्या प्रती घरात आहेत. कुत्र्याच्या उत्तरात तर कर्मणी प्रयोग असा साधलाय, की चावा नेमका कोणी घेतला ते शेवटपर्यंत कळू नये. ते काम मी चोख केलंय. त्याची लाज वाटायची, ती आता वाटून घेणार नाही.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे: लेखातलं ते वाक्य बहिणीनं सांगितलं म्हणून लिहिलं, स्वतः पाहिलेलं नाही. सही कर, नाहीतर फाडून टाक. रागावण्याचा हक्क तुझा आहे. दावा मात्र मागे घेणार नाही. सोमवारी अकरा वाजता मी भर कोर्टात सांगणार, की ही बाई कुणी मोठी नव्हती, म्हणून तिचं ऐकून घ्या.

आलास तर पुढच्या बाकावर बस. आणि मान खाली घालू नकोस.

तुझ्याशी खोटं बोललेली आणि आता शपथेवर खरं बोलणारी,
धाकटी